२६ जूनचा कार्यक्रम पहिल्यांदाच हातात घेताय?

जूनचा पहिला आठवडा उलटला की माझा फोन वाजायला लागतो. कधी राष्ट्रीय सेवा योजनेचे प्राध्यापक असतात, कधी ग्रामपंचायतीत नव्यानं निवडून आलेली सदस्य, कधी महिला मंडळाची अध्यक्ष. विचारणा सगळ्यांची एकच: "ताई, २६ तारखेला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घ्यायचाय. दारू सोडलेला एखादा माणूस मिळेल का बोलायला?"

माणूस मिळतो. पण त्याआधी मी त्यांच्याशी अर्धा-पाऊण तास बोलते. दरवर्षी तेच सांगावं लागतं, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

मी समुपदेशक नाही. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी दारूतून बाहेर पडला. त्याच्या उपचारांच्या काळात कुटुंबीयांच्या गटात बसता बसता मी या कामात ओढली गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही पाच-सहा जण मिळून हा दिवस करतो. भावाचा इथं उल्लेख आहे तो त्याला विचारूनच.

आधी हा दिवस कशाचा आहे ते समजून घ्या

१९८७ च्या जूनमध्ये व्हिएन्नाला अमली पदार्थांच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली. ती २६ जूनला संपली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला आमसभेनं ठराव केला आणि २६ जून हा अमली पदार्थांचं सेवन आणि त्यांची अवैध वाहतूक यांच्या विरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस ठरला. हे नाव नीट वाचा. त्यात सेवन आहे, वाहतूक आहे, विरोध आहे. जो माणूस यातून बाहेर आला त्याचा शब्दसुद्धा नाही. म्हणूनच आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम पोलिसी वळणाचे होतात: किती किलो गांजा पकडला, किती वर्षांची सजा आहे, शेवटी शपथ आणि चहा.

अमेरिकेत व्यसनातून बरं होण्यासाठी सप्टेंबर महिना ठेवला आहे. १९८९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टर-समुपदेशकांच्या कामाचा गौरव एवढाच त्याचा हेतू होता. १९९८ पासून त्यात स्वतः बरी झालेली माणसं आली, आणि आज तो महिना 'रिकव्हरी मंथ', म्हणजे बरं होण्याचा महिना, म्हणूनच ओळखला जातो. डॉक्टरांपासून रुग्णापर्यंत यायला त्यांनाही नऊ वर्षं लागली. ३० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय रिकव्हरी दिन असतो, त्या दिवशी ठिकठिकाणी इमारतींवर जांभळा प्रकाश टाकतात. ३१ ऑगस्ट हा नशेच्या अतिसेवनानं दगावलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, तो २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये सुरू झाला. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत काम करणाऱ्यांनी सप्टेंबरच्या आसपासच गणपतीचा कार्यक्रम असतो हे ध्यानात घ्यावं. पाहुणे जमलेलेच असतात, आणि परक्या मुलखात पिण्याचा प्रश्न मराठी घरांत फार झाकून ठेवला जातो.

आपल्याकडे निव्वळ बरं होण्याचा असा सरकारी दिवस नाही. त्यामुळे विरोधाच्या दिवसातच बऱ्या झालेल्या माणसाला जागा करून द्यावी लागते. या लेखातलं बाकी सगळं त्या जागेबद्दलच आहे.

हाताशी असलेल्या दुसऱ्या तारखा दोन. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. तेव्हा शाळांना सुट्टी असते, म्हणून प्रभातफेरीचा नाद सोडा आणि बाजारात किंवा एसटी स्टँडवर काही करा. शिवाय त्याच दिवशी अहिल्यादेवी होळकरांची जयंती असते, म्हणजे गावातलं सभागृह आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. दुसरी तारीख २ ऑक्टोबर. गांधीजयंतीपासून ८ ऑक्टोबरपर्यंत महाराष्ट्रात दारूबंदी सप्ताह पाळतात. दारूबद्दलच बोलायचं असेल तर मला हा आठवडा २६ जूनपेक्षा बरा वाटतो. पाऊस ओसरलेला असतो, कॉलेजं सुरू असतात आणि सात दिवस हाताशी असल्यानं एकाच दिवसात सगळं कोंबावं लागत नाही.

२६ जूनची अडचण, आणि तीच सोयही

महाराष्ट्रात २६ जून ही राजर्षी शाहू महाराजांची जयंती. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये त्यांचा जन्म झाला. राज्यभर हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. व्यसनमुक्तीचं काम ज्या खात्याकडे आहे, तेच हे सामाजिक न्याय खातं! म्हणजे तुम्हाला हवे असलेले समाजकल्याणचे सहायक आयुक्त त्या दिवशी सकाळी हमखास दुसऱ्या मंचावर असतात. आमच्या कोल्हापुरात तर दसरा चौकात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नसते.

पहिल्या वर्षी आम्ही सकाळी दहाची वेळ ठेवली, आणि पन्नास खुर्च्यांवर अकरा माणसं आली. तेव्हापासून आम्ही दुपारी साडेतीन धरतो. जयंतीची मिरवणूक संपलेली असते, बायकांची कामं उरकलेली असतात, शेतावर गेलेली माणसं पावसानं लवकर परतलेली असतात.

सोय अशी की दोन्ही कार्यक्रम जोडता येतात. मे महिन्यातच जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन साधा अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि 'जयंतीच्या कार्यक्रमानंतर' असा स्पष्ट उल्लेख असू द्या. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. नशामुक्त भारत अभियान २०२० च्या १५ ऑगस्टला सुरू झाल्यापासून जिल्ह्यांकडे या विषयाचं पत्रक, शपथेचा मजकूर आणि फलकांचे नमुने येत असतात, ते तिथंच मागून घ्या. लाउडस्पीकर किंवा फेरी असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी काढा. पण माझं ऐकाल तर फेरी काढूच नका. जूनच्या पावसात शाळेची पोरं घोषणा देत भिजतात, आणि ज्याच्यासाठी घोषणा असते तो माणूस दुकानाच्या आडोशाला उभा राहून मान खाली घालतो.

कुणासाठी करताय ते एकदाच ठरवा

इथं नवखी मंडळी सर्वांत जास्त चुकतात. आठवीतली मुलं, त्यांच्या आया, रिक्षा स्टँडवरचे लोक आणि व्यसनातून नुकते बाहेर आलेले, सगळ्यांना एकाच मांडवात बसवतात.

मुलांसाठी करायचं असेल तर बऱ्या झालेल्या माणसाची कहाणी ठेवू नका. वाचून धक्का बसेल, मलाही बसला होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रतिबंधाबाबतची जी मानकं सुधारून काढली, त्यांत घाबरवण्याचा आणि पूर्वी नशा करणाऱ्यांच्या अनुभवकथनाचा शाळेत उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो, असं म्हटलेलं आहे. विचार केला तर ते पटतं. चौदा वर्षांच्या पोराला त्या कहाणीतून कळतं ते एवढंच की वीस वर्षं पिऊनही माणूस मंचावर टाळ्या घेतो. कवट्या, सांगाडे, काळवंडलेली फुप्फुसं यांचंही तेच. मुलं दोन मिनिटं घाबरतात, मग हसतात. मुलांना नाही कसं म्हणायचं, मित्रांचा आग्रह कसा परतवायचा, राग आला तर काय करायचं हे खेळातून शिकवणारा शिक्षक बोलवा. आणि नशेची वस्तू कशी दिसते, कशी घेतात हे तर दाखवूच नका.

अनुभवकथनाची खरी गरज मोठ्यांना असते. ज्याच्या घरात व्यसन आहे अशा बाईला, आईला, आणि स्वतः पिणाऱ्याला. "यातून माणूस बाहेर येतो" हे वाक्य त्यांनी कुठंच ऐकलेलं नसतं.

बोलणारा माणूस

सगळा कार्यक्रम याच्यावर उभा असतो, आणि सगळ्यात निष्काळजीपणा यातच होतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी श्रोत्यांत बसले होते. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, दारू सोडून चार महिने झालेले. सूत्रसंचालकानं त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं माईकवर सांगितलं आणि म्हणाला, "हा आता सुधारलाय, टाळ्या!" मुलगा पाच मिनिटं काहीतरी बोलला. शाल घातली, फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या तीन ग्रुपवर फिरला. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा प्यायला. फोटोमुळेच प्यायला असं मी म्हणणार नाही, घसरायला कारणं पुष्कळ असतात. पण त्याची आई जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "कपात चहा घेतला तरी माणसं त्याच्या हाताकडं बघायची ओ, थरथरतोय का म्हणून."

त्या दिवसापासून आमचे काही नियम आहेत. ते मी तुम्हाला जसेच्या तसे देते.

व्यसन सोडून किमान दोन वर्षं झालेली असावीत. त्याच्या समुपदेशकाला किंवा गटातल्या जुन्या सोबत्याला विचारल्याशिवाय आम्ही होकार घेत नाही. उत्साहात माणूस लगेच 'हो' म्हणतो. म्हणून आम्ही त्याला चार दिवस देतो आणि पुन्हा विचारतो. त्याच्या बायकोलाही विचारतो, कारण त्याच्या कहाणीत तिचीही कहाणी उघडी पडते. लेकीचं लग्न ठरायचं असेल तर ती नको म्हणेल, आणि तिचं ऐकायचं.

नाव सांगायचं का, गाव सांगायचं का, फोटो काढू द्यायचा का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून त्याची सही घ्या. फोटोला नकार असेल तर दारातच पाटी लावा आणि पत्रकारांना हात जोडून आधी सांगा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू होतो, आणि उपचार घेत असलेल्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. स्थानिक वार्ताहरांना हे सांगितलं की ते समजून घेतात, माझा तरी अनुभव चांगला आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभासदाला बोलावणार असाल तर त्यांच्या काही प्रथा माहीत असू द्या. दारू सोडलेल्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेला हा गट. १० जून १९३५ हा त्यांचा स्थापना दिवस मानतात. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी डॉ. बॉब या संस्थापकानं त्या दिवशी शेवटचा पेला घेतला. वृत्तपत्रांत, चित्रवाणीवर आपलं नाव-चेहरा न देणं ही त्यांची परंपरा आहे, ती लाजेतून आलेली नाही. बाहेरच्या संस्थेशी ते नाव जोडत नाहीत, म्हणून तुमच्या बॅनरवर त्यांना 'सहआयोजक' छापू नका. बाहेरच्यांकडून देणगीही घेत नाहीत, तेव्हा मानधनाचं पाकीट पुढं करून त्यांना अवघडवू नका. त्यांना माहितीची सभा घ्यायला बोलावलंत तर ते आनंदानं आणि वेळेवर येतात. प्रत्येक सभासदाचा स्वतःचा एक वाढदिवस असतो, शेवटचा पेला घेतला त्या तारखेपासून मोजलेला. मला विचाराल तर बरं होण्याचा खराखुरा दिवस तोच. भावाच्या पहिल्या अशा वाढदिवसाला आईनं पुरणपोळी केली होती. तिच्या हिशेबानं घरात सण होता.

बोलायला बारा मिनिटं पुरतात. आधी कसा होतो, मग काय घडलं, आता कसा आहे, अशी तीन पावलं. पहिलं पाऊल आखूड ठेवायला सांगा. पिण्याचे किस्से रंगतात, श्रोते हसतात, बोलणाऱ्याला त्या हशाची गोडी लागते आणि बारातली दहा मिनिटं तिथंच जातात. ऐकायला आलेल्या बाईला हवं असतं ते दुसरं पाऊल: कुणाकडे गेलात, पहिल्या रात्री काय झालं, खर्च किती आला, कामावरून रजा कशी काढली.

शक्य असेल तर घरचं एक माणूसही बोलू द्या. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी राहिले. तिथं रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि स्त्रियांच्या उपचारांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग. व्यसन एकट्याचं नसतं आणि ते फक्त पुरुषांचंही नसतं, हे दोन्ही आपल्या मंचावर दिसलं पाहिजे. बाई बोलायला तयार होणं फार अवघड. आम्हाला सहा वर्षांत एकदाच जमलं, तेही तिनं पडद्यामागून बोलायचं ठरवल्यावर. सभागृह इतकं शांत मी कधी पाहिलं नाही.

प्रश्नोत्तरं ठेवू नका. ठेवलीच तर चिठ्ठ्यांवर घ्या आणि सूत्रसंचालकानं निवडून वाचावीत. "बायकोला मारायचा का?" असा प्रश्न कुणीतरी विचारतोच.

आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. स्वतःचं सगळं चारचौघांत उघडं केलेला माणूस घरी गेल्यावर आतून सैरभैर होतो. आमच्यातलं कुणीतरी त्याला घरापर्यंत सोडतं आणि रात्री नऊला फोन करतं. येण्याजाण्याचा खर्च आपण द्यायचा, हे सांगायला नको.

शपथेबद्दल थोडं थांबून वाचा

सरकारी कार्यक्रमात शपथ असते. ज्यांना व्यसन नाही त्यांनी ती खुशाल घ्यावी. पण "ज्यांना दारू सोडायची आहे त्यांनी आत्ता पुढं या आणि आजपासून थेंबाला शिवणार नाही म्हणा" असं आवाहन कधीही करू नका, पाहुण्यांनाही करू देऊ नका. जो माणूस कित्येक वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ पितो, त्यानं एका दिवसात दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसांत भास, घाम, बरळणं, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो, त्यात जीवही जातो. हातपाय थरथरतात ते ढोंग नसतं. अशा माणसानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन थांबायचं असतं. मंचावरून हे वाक्य एकदा तरी कुणीतरी, शक्यतो ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनीच, सांगावं. पुष्कळ घरांत "सोडली होती पण आजारी पडला म्हणून परत घेतली" अशी जी गोष्ट असते, ती बहुतेक वेळा हीच असते.

याच जागी आणखी एक: 'पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून द्या आणि दारू सोडवा' अशा पावडरी विकणारे अशा कार्यक्रमांच्या दारात येतात. त्यांना उभं राहू देऊ नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टरांनी, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं द्यायचं असतं.

पोलीस अधिकाऱ्यांना काय बोलायला सांगायचं

ते येतातच, आणि यावंच. मी त्यांना आधी भेटून एक विनंती करते: पकडलेल्या मालाचे आकडे थोडक्यात सांगा, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४ अ तुमच्या तोंडून लोकांना समजावून सांगा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. गांजा किंवा गोळ्यांत अडकलेल्या पोराची आई दवाखान्यात जात नाही ती बहुतेक या भीतीनंच. खाकी वर्दीतल्या माणसानं हे सांगितलं की त्या आईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं डोळ्यांना दिसतं.

शब्द

फलक, निमंत्रण आणि सूत्रसंचालन आधी मोठ्यानं वाचून पाहा. बेवडा, दारुडा, गर्दुल्ला हे शब्द काढा, विनोदातही नकोत. 'सुधारला' हा शब्दही मी काढते, तो तुरुंगातून सुटलेल्यासाठी असल्यासारखा वाटतो. 'बरा झाला' म्हणा, किंवा या वाटेवरची माणसं स्वतः म्हणतात तसं 'रिकव्हरीत आहे' म्हणा. त्यात चालू असण्याचा अर्थ येतो. पुन्हा प्यायला तर ते 'स्लिप' म्हणतात, म्हणजे पाय घसरला. पडला आणि संपला असं नाही. व्यसनासुराचा पुतळा जाळायची टूम काही ठिकाणी आहे. मला ती आवडत नाही. गर्दीत उभ्या असलेल्या पिणाऱ्याला तो पुतळा स्वतःचाच वाटतो.

चिठ्ठी

आता सगळ्यात छोटी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

दिल्लीच्या एम्सनं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात आढळलं. ३८ म्हणजे एसटीची एक गाडी जवळजवळ भरते. त्या गाडीतून एकच माणूस दवाखान्याच्या थांब्यावर उतरतो. आपला कार्यक्रम यासाठी असतो की पुढच्या वेळी दोघं उतरावेत.

म्हणून एसटीच्या जुन्या तिकिटाएवढ्या चिठ्ठ्या छापा. त्यांवर 'दारू', 'नशा', 'व्यसन' यांपैकी एकही शब्द नको, कारण घरी ती कुणाच्या तरी हाती पडणार असते. फक्त नंबर: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६. त्याखाली जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण तपासणीचा वार आणि वेळ, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जवळच्या मिटिंगचा वार आणि जागा, आणि तुमच्यापैकी एकाचा मोबाइल. छापण्याआधी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, आणि रुग्णालयात स्वतः जाऊन वार विचारून या. आमची एक वर्षाची चिठ्ठी जुन्या वारानं छापली गेली, आणि एक म्हातारे आजोबा मुलाला घेऊन चाळीस किलोमीटरवरून आले तर त्या दिवशी डॉक्टर नव्हते. ती चूक आमची होती.

खासगी केंद्राचं नाव चिठ्ठीवर घालण्याआधी ते जाऊन पाहा. नोंदणी आहे का, डॉक्टर केव्हा येतात, घरच्यांना भेटू देतात का, खर्च लेखी देतात का. "पत्ता सांगा, आमची गाडी येऊन उचलून नेईल" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

चिठ्ठ्या मंचाजवळच्या टेबलावर ठेवू नका. सगळ्यांच्या देखत तिथं कोण जाणार? पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवा, चपला काढतात तिथं ठेवा, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या आत ठेवा. एका वर्षी मी पिंपापासून थोडी दूर उभी होते. एक बाई आली, तिनं पेला भरला, पण ओठाला लावला नाही. इकडं तिकडं बघून चिठ्ठी उचलली, दोन घड्या घातल्या, मोबाइलचं कव्हर काढून मागं सरकवली, कव्हर परत घट्ट बसवलं. मग पाणी प्याली, आणि जागेवर जाऊन बसली. मी तिच्याकडे पाहिलं नाही असंच दाखवलं. कार्यकर्त्यांना हे शिकवावं लागतं, नाहीतर ते धावत जाऊन "काकी, कुणासाठी हवंय?" विचारतात.

२७ जूनपासून पुढे

खुर्च्या परत गेल्या, बातमी छापून आली, अहवाल समाजकल्याणला दिला, आता खरं काम सुरू. चिठ्ठीवर ज्याचा नंबर आहे त्यानं पुढचे दोन महिने अनोळखी फोन उचलायचे. लोक पहिल्या आठवड्यात फोन करत नाहीत. पगाराच्या दिवशी काहीतरी होतं, मग करतात. किंवा बेंदूर झाला की, किंवा आषाढ संपता संपता. फोनवर बहुतेकदा आधी शांतता असते, नंतर "माझ्या शेजारणीसाठी विचारायचं होतं" असं येतं. शेजारणीसाठीच माहिती द्या.

एक वही ठेवा. किती चिठ्ठ्या छापल्या, किती उरल्या, कुठून जास्त गेल्या, किती फोन आले, किती जण दवाखान्यापर्यंत पोचले. नावं लिहू नका, फक्त आकडे. किती लोक कार्यक्रमाला आले हा आकडा अहवालात सगळेच लिहितात, तुम्ही हे पाच लिहा.

कव्हरमागं चिठ्ठी ठेवलेल्या त्या बाईचा फोन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. निदान मला तरी ती तीच वाटली, मी विचारलं नाही. म्हणाली, "ताई, ते २६ तारखेचं अजून चालू हाय का?"

चालू आहे, म्हटलं. मंगळवारी सकाळी नऊला केसपेपरच्या खिडकीपाशी या, मी असते तिथं.